तेल सुटले म्हणून ग्रीस फेकू नका



ग्रीसच्या डब्यात वर तेल दिसले की तो सरळ भंगारात काढावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. मे महिन्यात धाराशिवचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. तिथे थोडे तेल सुटणारच. पातळ थर असेल तर स्वच्छ पट्टीने ढवळून आत जिरवावा. ग्रीस कडक झाले असेल, वास बदलला असेल किंवा पाणी शिरून ते दुधाळ दिसत असेल, तर मात्र बेअरिंगजवळ नेऊ नये.

दोष बहुधा आपल्याच हातचा असतो. ग्रीस काढताना मधोमध खड्डा पाडतात, तेल त्यातच झिरपून साचते. झाकण उघडे राहिले की बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ वर बसते, ती वेगळीच. काढून झाल्यावर पृष्ठभाग सपाट करायला कितीसा वेळ लागतो?

आपल्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि उरलेले बॅरल दिवाळीपर्यंत पडून राहतात, कुठे कुठे उघड्यावरच. बॅरल दिवसा तापते, रात्री गार होताना झाकणावर साचलेले पावसाचे पाणी आत ओढते. तेलाची बॅरले आडवी ठेवतात म्हणून ग्रीसचीही आडवी करणारे महाभाग आहेत! ग्रीस उभेच ठेवावे, छपराखाली, लाकडी फळ्यांवर. आणि नवा माल आला की जुना पुढे ओढावा. आपल्या स्टोअरमध्ये नेमके उलटे चालते.

– एक फिटर, ढोकी (जि. धाराशिव)