सांगणारी आहे, लिहून घेणारे कुठे आहेत?

जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरून काय काय निघाले! पितळी हंडे निघाले, पाळण्याच्या कड्या निघाल्या, आजीचे जाते निघाले. जाते एका ओळखीच्या माणसाने बागेत शोभेला म्हणून नेले. हंडे-कळशा मोडीत गेल्या. आणि वह्या-पुस्तकांचे जे गठ्ठे होते, ते मी स्वतःच्या हाताने रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवले.

त्या गठ्ठ्यांत एक लाल पुठ्ठ्याची वही होती. आजीची. तिने जुळवलेल्या ओव्या, सुनांच्या डोहाळजेवणासाठी रचलेली गाणी, नातवंडांच्या बारशाचे पाळणे आणि मधूनच कैरीच्या लोणच्याला मीठ किती लागले त्याची नोंद, असे सारे पेन्सिलीने लिहिलेले. वही गेली हे मला कळले ते दोन वर्षांनी. धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी आईने आजीचा पाळणा म्हणायला घेतला आणि तिसऱ्या कडव्यापाशी ती थांबली. "पुढचं आजीच्या वहीत आहे, बघ रे जरा," ती मला म्हणाली. मी काय बघणार होतो?

हे घरगुती दुःख वाचकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच, की असे दुःख एकट्या आमच्या घरचे नाही. अशी एखादी वही, किंवा वहीतसुद्धा न उतरलेली अशी एखादी बाई, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात होऊन गेली आहे. आपण तिच्या हातच्या पुरणपोळीची आठवण काढतो, तिच्या कष्टांची आठवण काढतो. पण तिला काही सुचत होते, ती काही रचत होती, हे मात्र आपल्या ध्यानातच येत नाही. आले तरी "हौशी होती हो!" एवढ्या एका शब्दात आपण तिची बोळवण करतो.

आमच्या नाशकाला तर हे विसरण्याची मुळीच परवानगी नाही. कारण मराठीतले एक अव्वल दर्जाचे आत्मचरित्र जिने लिहिले, ती बाई याच मातीतली. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरचा. देह ठेवला तोही नाशकातच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी. माहेरची ही गोखल्यांची मनू. आजोळच्या आजोबांना १८५७ च्या बंडापायी फाशी झालेली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागलेले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, अशा घरात ती वाढली. शाळेचे तोंड पाहिले नाही. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. नवरा कवी, विद्वान, दिलदार आणि तितकाच लहरी. हातातला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन मोकळ्या हाताने घरी येणारा, मनात आले की चालू लागणारा.

पुढची हकिगत पुष्कळांना ठाऊक असेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंच्या पदरी तेव्हा लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातलगांच्या नजरा वेगळ्या, पुढचा मार्ग दिसत नाही, अशी चार-पाच वर्षे त्यांनी पतीपासून दूर राहून काढली. मग त्या मुलाला घेऊन नगरला आल्या. आल्या म्हणून लगेच त्यांनी धर्म बदलला नाही. एका घरात दोन धर्म, अशा रीतीने काही काळ संसार चालला. सोवळ्यात वाढलेल्या या बाईने जातीभेदाची एकेक गाठ आपली आपण सोडवली आणि १९०० साली, स्वतःची खात्री पटल्यावर, त्या ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या पाठोपाठ गेल्या असे आपण म्हणतो खरे; पण मध्ये गेलेली ती वर्षे पाहिली, की ही बाई फरफटत गेली नाही, आपल्या पायांनी चालत गेली, हे ध्यानात येते.

टिळकांच्या घरी माणसांचा राबता मोठा. कोणाचीही मुले त्यांच्या घरात वाढत. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरेही नगरला त्यांच्या घरी राहिले. कवितेचे कौतुक टिळक करीत. त्या कवीची ताटवाटी लक्ष्मीबाई मांडीत. मराठी कवितेच्या इतिहासात या ताटवाटीची नोंद कोण करणार? ती लक्ष्मीबाईंनीच केली, म्हणून आज आपल्याला बालकवी हा हट्टी, लाघवी पोरगा म्हणून दिसतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक लिहिले गेले कसे? टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहायची तयारी करीत होता. त्याने आईला सांगितले, तुला पपांच्या ज्या आठवणी आहेत त्या लिहून काढ. म्हणजे पाहा, तिला आत्मचरित्र लिही असे कोणी म्हटलेच नव्हते! तिने नवऱ्याच्या चरित्राला सामग्री पुरवायची होती. ती लिहायला बसली टिळकांविषयी, आणि कागदावर टिळकांच्या शेजारी तीही उभी राहिली. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग पुस्तकरूपाने येऊ लागले, शेवटचा भाग तर त्यांच्या पश्चात आला.

त्या काळच्या बायकांना लिहिण्याची वाट बहुधा अशीच मिळे. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आठवणी प्रसिद्ध केल्या त्याही न्यायमूर्तींच्या. बाईने नवऱ्याविषयी लिहिले तर त्याला पतिभक्ती म्हणता येते, स्वतःविषयी लिहिले तर आगाऊपणा. लक्ष्मीबाईंनी या अडचणीतून जी वाट काढली तिला तोड नाही. त्यांनी नवऱ्याची थोरवी लपवली नाही आणि त्याचा तापटपणाही लपवला नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही अशा जमान्यात त्या सरळ 'टिळक' असे लिहितात. आणि सर्वांत अधिक हसतात त्या स्वतःला.

या पुस्तकाची स्तुती करताना आपण एक चूक वर्षानुवर्षे करीत आलो आहोत, असे मला वाटते. साधी, भोळी, निरागस, जणू आजी चुलीपाशी गोष्ट सांगते आहे अशी भाषा, हे शब्द आपण पुन्हा पुन्हा वापरतो. त्यात प्रेम आहे, खोटेही काही नाही. पण त्यात एक अन्यायही आहे. पुरुषाने सोपे लिहिले तर ती शैली, बाईने सोपे लिहिले तर तो भोळेपणा! दुःखाचा प्रसंग सांगताना नेमक्या कुठल्या वाक्यावर थांबायचे, रडू आणायच्या जागी हसू कसे आणायचे, हे ज्या बाईला कळते ती भोळी कशी? ती कलावंत आहे. तिला ते साधले आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते, दहा-अकरा अध्याय होऊन ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. चौसष्ट! आणि तरीही 'टिळकांचे अपुरे काम पत्नीने पुरे केले' असे आपण म्हणतो. अपुरे राहिलेले काम मूळ कामाच्या पाचसहा पट असेल, तर ते कोणाचे म्हणायचे?

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाई असामान्य होत्या, त्यांचे उदाहरण सर्वसामान्य घरांना कसे लागू पडेल? मान्य. आमच्या आजीला मी लक्ष्मीबाईंच्या पंक्तीला बसवीत नाही. पण असामान्य कोण आणि सामान्य कोण, हे ठरवायला आधी काहीतरी हाती उरावे लागते ना? शेजारच्या खानदेशात बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्यांना जे सुचे ते मुलगा सोपानदेव आणि घरातल्या आणखी एका नातलगाने टिपून ठेवले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि १९५२ साली पुस्तक आले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले, की जळगावकडच्या एका शेतकरणीच्या ओठी केवढे धन होते. ते टिपून ठेवले नसते, तर? तर बहिणाबाईसुद्धा सामान्यच ठरल्या असत्या. 'हौशी होती हो', असेच त्यांच्याविषयीही कोणी म्हटले असते.

म्हणजे प्रतिभा त्या बायकांची, यात शंका नाही. पण ती आपल्यापर्यंत पोहोचली ती घरातल्या कोणीतरी हातात लेखणी धरली म्हणून, किंवा तिच्या हातात दिली म्हणून. आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले, ते सिद्ध केले त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांनी. लक्ष्मीबाईंच्या घरी तर ही राखण तिसऱ्या पिढीपर्यंत चालली. नातू अशोक टिळक यांनी आजीच्या या पुस्तकाची टीपांसह साक्षेपी आवृत्ती तयार केली. मुलाने लिहायला लावले आणि नातवाने निगुतीने सांभाळले. पत्नी, आई, आजी या तीनही नात्यांचे ऋण त्या घराने असे फेडले. पुढे विजया मेहतांनी 'स्मृतिचित्रे' पडद्यावर आणले, २०१७ साली शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आला. जलालपूरची मनू सातासमुद्रापार गेली. पण त्या सगळ्या प्रवासाचे पहिले पाऊल कोणते? एका मुलाने आईला म्हटले, "तू लिही."

आपण आपल्या आईला काय म्हणतो? "आई, ही गोष्ट तू शंभरदा सांगितली आहेस!" खरेच आहे, सांगितलेली असते. पण शंभरदा ऐकलेली ती गोष्ट ती गेल्यावर आपल्याला धड एकदाही सांगता येत नाही. मधले गाव आठवत नाही, त्या मावशीचे नाव आठवत नाही, आणि ज्या एका शब्दावर सारे घर खळखळून हसायचे, नेमका तोच शब्द हरवलेला असतो.

मुलगे आणि नवरे या बाबतीत विशेष दोषी आहेत, आणि त्यात मीही आलोच. आजोबांची रोजमेळाची चोपडी मी जपून ठेवली. ती कापडात गुंडाळून आजही कपाटात आहे. त्यात तेलाचा आणि धान्याचा भाव आहे. आजीच्या वहीत मात्र मला कागद दिसला आणि कागदाचे वजन दिसले. दोन्ही वह्या एकाच माळ्यावर, एकाच धुळीत होत्या. कुठली ठेवायची आणि कुठली द्यायची, हे मला कोणी शिकवले होते? कोणीच नाही. पण शिकलो होतो खरा.

म्हणून या रविवारी वाचकांना एक विनंती आहे. घरात आई असेल, आजी असेल, सासूबाई असतील, तर दुपारचा चहा झाल्यावर त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. "माझ्याकडं सांगण्यासारखं काय आहे?" असे त्या म्हणतील. लक्ष देऊ नका. आजोबांची गोष्ट सांगा, असे म्हणून हवे तर सुरुवात करा. त्या गोष्टीत आजी आपोआप येईल. त्यांचा शब्द 'शुद्ध' करू नका. त्या 'इस्टू' म्हणत असतील तर 'स्टोव्ह' लिहू नका. माणसांची नावे, गावे, साल विचारून घ्या. मोबाइलवर आवाज टिपून ठेवलात तर उत्तमच, पण कागदावरही उतरवा, कारण मोबाइल बदलतात आणि आवाज पुसले जातात. आणि लिहिता येणाऱ्या बाईला तर नुसती एक कोरी वही आणून द्या, आणि रोज तासभर तिला कोणी हाक मारणार नाही एवढी व्यवस्था करा. वहीपेक्षा हा तासच महाग आहे. तो दिला तर सारे काही दिले.

मीही बसलो. आईचे आता वय झाले आहे. गेल्या महिन्यात सलग चार रविवार तिच्यापाशी बसून त्या पाळण्याचा नाद धरला. मावशीला फोन लावला, नाशिकरोडच्या आत्याकडे जाऊन आलो. आत्याला एक कडवे आठवले, मावशीला निम्मे. सहा कडव्यांचा पाळणा होता म्हणे. साडेचार हाती आली आहेत. उरलेले दीड कडवे आता कोणाकडेच नाही. आईने तिथे दोन नव्या ओळी जुळवून दिल्या आणि लाजून म्हणाली, "माझ्या आहेत हो या, आजीच्या नाहीत. तसं खाली लिही."

तसे लिहिले आहे.