दिवसा बरा, पहाटे ठणकणारा डोळा

काही तक्रारी अशा असतात की पेशंट सांगू लागला की डॉक्टरच्याच मनात शंका येते. ‘दिवसभर डोळा चांगला असतो, पण पहाटे झोपेत एकदम सुई टोचल्यासारखी कळ येते, पाणी वाहू लागते, आणि दहा वाजेपर्यंत सगळे गायब,’ ही त्यातलीच एक. दवाखाना उघडतो दहाला. म्हणजे पेशंट समोर येऊन बसतो तेव्हा दाखवायला त्याच्याजवळ काहीच नसते.

चार वर्षांपूर्वी पस्तिशीतली एक शेतकरी बाई नवऱ्याबरोबर आली होती. तक्रार हीच. आठवड्यातून दोनदा, तीनदा, पहाटे चार-पाचच्या सुमारास. मी टॉर्च लावून डोळा पाहिला. लाली नाही, चिपाडे नाहीत, तक्त्यावरची शेवटची ओळ तिने वाचून दाखवली. “ताई, डोळ्यात काही दोष नाही. विचार फार करता का?” असे म्हणून मी आठ दिवसांची झोपेची गोळी लिहून दिली. ती काही बोलली नाही. नवऱ्याने मात्र ‘बघ, मी सांगत नव्हतो?’ अशा नजरेने तिच्याकडे पाहिले. ती नजर तिच्या वाट्याला माझ्यामुळे आली होती.

पुढचे काही महिने तिने काय काय केले ते मला नंतर कळले. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. कुणी डोळ्यात मध घालायला सांगितला, कुणी तूप. मेडिकलच्या दुकानातून ‘डोळ्याचे थेंब’ म्हणून एक बाटली आणली, तिच्यात स्टेरॉइड होते. शेवटी तिला झोपेचीच भीती बसली. रात्री दोन-अडीचला उठून भिंतीला टेकून बसायची आणि दिवसा शेतात पेंगायची. घरात सगळ्यांचे मत एकच, हिच्या मनात काहीतरी आहे. डॉक्टरांनीच तसे सांगितले होते ना!

एके दिवशी पहाटे पाचला दाराची बेल वाजली. मी दवाखान्याच्या वरच राहतो. खाली आलो तर ही बाई डोळ्यावर पदर दाबून उभी, नवरा मोटारसायकल लावतोय. “डॉक्टरसाहेब, आत्ता बघा,” एवढेच ती म्हणाली. मी फ्लुरेसीनची पट्टी तिच्या पापणीच्या आत टेकवली आणि निळा प्रकाश टाकला. बुबुळाच्या खालच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा डाग लख्ख चमकला. तेवढ्या जागेवरची साल निघालेली होती. मग जो प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता तो विचारला. “या डोळ्याला कधी काही लागलं होतं का?”

“पाचट काढताना उसाची पात लागली होती. पण त्याला वरीस होत आलं. अन् ते तर दोन दिवसांत बरं झालं की!”

तिथेच निदान झाले. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर, डोळ्यांचा तज्ज्ञ नव्हे. मी चिठ्ठी देऊन तिला त्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. अकरा वाजता त्यांनी पाहिले तेव्हा जखम जवळजवळ भरून आली होती. पण मशीनखाली तेवढ्या जागेची साल सैल दिसत होती.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा सर्वांत वरचा थर मिलीमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा जाड असतो. नख, कागदाची कड किंवा उसाची पात लागली की तो खरवडला जातो. वरून तो एक-दोन दिवसांत भरून येतो, पण खालच्या थराला घट्ट चिकटायला कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. नवा गिलावा वरून सुकलेला दिसतो, पण विटेला धरलेला नसतो, तसेच हे. झोपेत अश्रू कमी तयार होतात, डोळा कोरडा पडतो आणि पापणी आतून त्या सैल जागेला चिकटते. झोपेत बुबुळ हलले किंवा जाग येऊन डोळा झटकन उघडला की पापणीबरोबर सालही सोलली जाते. या पडद्यात वेदनेच्या नसांचे जाळे फार दाट असल्यामुळे एवढ्याशा जखमेची कळ डोक्यात जाते. १८७२ सालापासून वैद्यकात या दुखण्याची नोंद आहे. काही जणांत मार न लागताही, जन्मतः या थराची पकड कच्ची असल्यामुळे हे होते. मधुमेहातही ही पकड कमजोर असू शकते.

उपचार साधा आहे, चिकाटी मात्र मोठी लागते. रात्री झोपताना डोळ्यात ओलावा टिकवणारे मलम घालायचे, किंवा तज्ज्ञांनी सांगितल्यास ५ टक्के मिठाचे. (ते औषध म्हणून तयार मिळते. कृपा करून घरी मीठ कालवू नका.) हे दुखणे थांबल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवायचे, आणि आमचे निम्मे पेशंट इथेच चुकतात. जाग आल्यावर डोळा लगेच उघडू नये. मिटलेल्या पापणीखाली बुबुळ सावकाश फिरवावे, मग हलकेच उघडावे. पंख्याचा वारा तोंडावर घेऊ नये, डोळे चोळू नयेत. एवढ्याने न भागल्यास तज्ज्ञ काही दिवस पट्टीसारखी लेन्स बसवतात, बारीक सुईने ती जागा टोचून पकड बसवतात किंवा लेसर वापरतात.

स्टेरॉइडच्या बाटलीबद्दल मात्र मला चढ्या आवाजात बोलावेसे वाटते. त्या थेंबांनी लाली उतरते म्हणून लोक खूष होतात. पण पात, काडी, धसकट लागलेल्या डोळ्यात बुरशी गेलेली असेल तर हेच थेंब तिला मोकळे रान देतात, बुबुळावर फूल पडते आणि नजर जाते. ही बाई वाचली ते नशीब. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ही बाटली देऊ नये आणि आपण मागू नये. डोळा बधिर करणारे थेंबही घरी नेण्यासाठी नसतात. त्याने कळ क्षणात थांबते, पण जखम भरत नाही.

झोपेतली प्रत्येक डोळेदुखी याच जातीची असते असे नाही. काही जणांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, ते घरच्यांनीच रात्री पाहून सांगावे. झोप लागून तासा-दोन तासांनी एकाच डोळ्याभोवती असह्य वेदना, त्याच बाजूची नाकपुडी वाहते आणि माणूस येरझाऱ्या घालतो, ही डोकेदुखीची एक जात आहे. तिचे उपचार निराळे. दुखण्याबरोबर उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी आणि अंधूक दिसणे हे काचबिंदूचा झटका असू शकते. त्यात सकाळची वाट पाहू नये. दिवसभर दुखत राहिले, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. टॉर्चच्या उजेडात काही दिसले नाही म्हणून ‘काही नाही’ असे लिहू नका. ‘मला आत्ता काही दिसत नाही, दुखेल तेव्हा या’ असे म्हणायला दोन सेकंद जास्त लागतात. झोपमोड होते हे खरे. पण त्या दिवसापासून माझ्याकडे अशा पेशंटला पहाटे बेल वाजवायची मुभा आहे, आणि आजवर कुणी ती उगाच वाजवलेली नाही.

ती बाई अधूनमधून येते. पहिल्या वर्षी कळ दोनदा आली, नंतर एकदाच, तीही मलम आठ दिवस चुकले तेव्हा. पाचट काढताना आता ती साधा चष्मा लावते. बायका हसतात म्हणे. गेल्या खेपेला नवऱ्यानेच विचारले, “डॉक्टर, मलम आता बंद करायचं का?” मी म्हटले, “तो डोळा त्यांचा आहे, त्यांनाच विचारा.” ती म्हणाली, “दिवाळीपतूर राहू द्या.”