बार्डच्या हाती वीणा देऊन भागत नाही

१/ टेबलटॉप रोलप्लेइंग खेळासाठी भारतीय वळणाचा बार्ड रचायचा म्हटले, की पहिली सूचना ठरलेली असते : त्याने दीपक गायिला की शत्रू जळेल, मल्हार गायिला की पाऊस पडेल. या कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इतिहासप्रेमींनी तर तिला मुळीच थारा देऊ नये. कारण शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवरच्या देवगिरीत, यादवांच्या आश्रयाने, तेराव्या शतकातच याहून कितीतरी सरस सामग्री लिहिली गेली आहे.

२/ आधी दंतकथेचा समाचार घेऊ. दीपकाची कथा तानसेनाप्रमाणे गोपाळ नायकाच्या नावावरही सांगितली जाते : अकबराच्या हुकुमावरून तो यमुनेत गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून गायिला आणि तरीही जळून भस्म झाला. परंपरा याच गोपाळ नायकाला देवगिरीचा आणि अलाउद्दीन खलजीच्या काळातला मानते. अलाउद्दीन वारला १३१६ मध्ये. अकबर गादीवर आला १५५६ मध्ये. दोनशे चाळीस वर्षे यमुनेत उभ्या राहिलेल्या गवयाला भस्म व्हायला रागाची गरज नव्हती.

३/ कालविपर्यास एक वेळ सोडून देऊ. मोठा दोष असा, की या कथेत संगीत नाहीच. राग म्हणजे एक कळ; दाबली की आग. 'दीपक'च्या जागी कोणताही मंत्र ठेवा, नियम तसूभर बदलत नाही. संगीत काढून घेतले तरी ज्या जादूचे काही बिघडत नाही, तिला संगीताची जादू कशी म्हणावी?

४/ आता शार्ङ्गदेव. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्या सेवेत, आणि हा स्वतः सिंघण राजाच्या दरबारी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेब व दफ्तर सांभाळणारा अधिकारी. त्याचा 'संगीतरत्नाकर' वाचताना हा हिशेबनीस पदोपदी भेटतो. सात अध्याय, स्वरापासून नृत्यापर्यंत; सारे मोजलेले, वर्ग लावलेले.

५/ आणि याच ग्रंथात जादू आहे! शुद्ध तानांचे विवेचन पाहा. (ही तान म्हणजे ख्यालातली द्रुत स्वरपंक्ती नव्हे.) सात स्वरांच्या मूर्च्छनेतून ठरावीक एक स्वर गाळला की षाडव तान, दोन गाळले की औडुव. षाडव ४९, औडुव ३५, एकूण ८४. या तानांना यज्ञांची नावे आहेत : अग्निष्टोम, वाजपेय, अश्वमेध, राजसूय. ज्या यज्ञाचे नाव, त्या यज्ञाचे फळ ती तान देते, असे शार्ङ्गदेव सांगतो.

६/ याचा अर्थ लक्षात घ्या. अश्वमेधासाठी राजाला घोडा, सैन्य आणि वर्षभराची मोहीम लागते. गवयाला तेच फळ, कोणता स्वर टाळायचा हे अचूक पाळल्याने! खेळात हा नियम जसाच्या तसा उतरतो. पात्राच्या सात कृती सात चिठ्ठ्यांवर लिहा : चालणे, बोलणे, शस्त्र उचलणे, लपणे वगैरे. जादू बांधताना बार्डने एक किंवा दोन चिठ्ठ्या पालथ्या घालायच्या. तान संपेपर्यंत त्या कृती वर्ज्य. मोठ्या फळाला दोन. मध्येच मोह आवरला नाही, तर यज्ञ मोडला. आता प्रत्येक फेरीत खेळाडू घामाघूम होईल, आणि तेही फासा न टाकता.

७/ अपयशाचा तक्ताही आयता आहे. शार्ङ्गदेवाने गायकाचे २५ दोष मोजले आहेत. भिऊन गाणारा तो भीत, कावळ्यासारखा कर्कश तो काकी, उंटासारखी मान उंचावणारा करभ, शिरा फुगवून गाणारा झोंबक, रागांची भेसळ करणारा मिश्रक. (आपल्या परिचयातले दोघे-तिघे आठवलेच असतील.) 'जादू फसली' या कोरड्या निकालापेक्षा, मिश्रक दोषाने दोन जादू एकमेकींत मिसळाव्यात, भीत दोषाने सोबत्यांचेच धैर्य खचावे, हे किती रसाळ!

८/ शिवाय शार्ङ्गदेवाचा उत्तम वृंद ३२ जणांचा आहे : ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक, १२ गायिका, ४ बासरीवादक, ४ मृदंगवादक. एकट्या भटक्या बार्डचे चित्र आपण कुठून आणले, हेही एकदा तपासावे.

९/ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये बार्ड १९७६ साली आला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला त्याचा एक नियम मला मनापासून आवडतो : प्रेरणेचा फासा ज्याला त्याचा आवाज ऐकू येतो त्यालाच देता येतो. श्रोता नसेल तर सामर्थ्यही नाही. बाकी मात्र तीच मंत्रांची यादी आणि तेच स्लॉट. जादूगाराच्या हाती ल्यूट दिले, इतकेच.

१०/ 'खेळ हवा, संगीतशास्त्राचा वर्ग नको,' हा आक्षेप येईलच. मान्य. पण दोन चिठ्ठ्या पालथ्या घालायला कोणते शास्त्र लागते?

११/ आणि गोपाळ नायकाची कथाच हवी असेल, तर सतराव्या शतकातल्या फकीरुल्लाहच्या 'रागदर्पण'मधली घ्या. तीही दंतकथाच, पण तिच्यात अमीर खुसरो सिंहासनाखाली लपून गोपाळाचे गाणे बैठकींमागून बैठकी ऐकतो आणि मग तेच त्याला परत गाऊन दाखवतो. पुढच्या डावात शत्रूकडचा एक गवई असाच लपवून बसवा, आणि तुमच्या बार्डने एकच तान कितीदा वापरली याची वहीत नोंद ठेवा.