अडुळसा दारात हवा, ताप अंगावर नको

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आपल्या प्रत्येक वस्तीत अडुळसा असावा, असे आम्हाला वाटते. पावसाळ्यात फांदी खोचली की जगते. पाला कडू, बकरी तोंड लावत नाही, कुंपणालाही चालतो. यातल्या व्हॅसिसीनवरूनच खोकल्याचे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले. साध्या खोकल्यात पाल्याचा काढा कफ सुटायला मदत करतो. गरोदर बाईला मात्र तो देऊ नका. गर्भाशय आकुंचन पावू शकते. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासा.

थंडी वाजून ताप आला तर काढा उकळत बसू नका. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा. त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासा, गोळ्या पूर्ण घ्या. सरकारी तपासणी मोफत आहे. झाड आपले, तसा हा हक्कही आपलाच.