समुद्रात रो-रो आली म्हणून खंबाटकीतली कोंडी फुटेल का?

गणपतीच्या तोंडावर कोकणात निघालेल्या गाड्या खंडाळ्यात का दिसतात? लोणावळ्याजवळच्या नाही, साताऱ्याच्या खंडाळ्यात. कारण मुंबई-गोवा महामार्गाचा भरवसा नाही. म्हणून बरेच जण एक्स्प्रेसवेनं पुणे, मग खंबाटकी घाट, सातारा, कराड आणि कुंभार्लीतून चिपळूण असा वळसा घेतात. कोकणवासीयांना मिळणारी टोलमाफी मुंबई-बेंगळुरू महामार्गावरही लागू होते, ती यामुळंच. त्यामुळं मुंबईहून कोकणात रो-रो बोट जाणार म्हटल्यावर खंडाळकरांनीही कान टवकारले तर नवल नाही.

रो-रो म्हणजे रोल ऑन, रोल ऑफ. क्रेन नाही, काही नाही. बोटीचा रॅम्प धक्क्यावर टेकतो, गाडी चालवत आत न्यायची आणि पलीकडे चालवतच बाहेर काढायची. भाऊचा धक्का ते मांडवा ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या वर, पाण्यातून साधारण तासभर. अंतर कमी असल्यानं एकच बोट दिवसभरात अनेक फेऱ्या मारू शकते.

लांबच्या मार्गाचं गणित वेगळं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये बंदरे मंत्री नितेश राणे यांनी मुंबई-जयगड-विजयदुर्ग सेवेची घोषणा केली. जयगड तीन ते साडेतीन तास, विजयदुर्ग पाच ते साडेपाच तास. एका फेरीत 50 चारचाकी आणि 30 दुचाकी. या 50 गाड्या खंबाटकीत एकामागे एक चिकटून उभ्या केल्या, तर रांग होते जेमतेम 300 मीटरची! आणि एवढ्या वेळात बोट दिवसाला फेऱ्या मारून मारून किती मारणार?

आता खिशाचं. जाहीर झालेले दर होते कारला 6000 रुपये, माणशी किमान 2500. चौघांचं कुटुंब गाडीसह निघालं तर 16,000, तेही एका बाजूचे. शिवाय सेवेची तारीख दिली होती 1 सप्टेंबर. चतुर्थी होती 27 ऑगस्टला. तारखेचं सोडा, पण भाद्रपदात समुद्रही खवळलेला असतो.

विजयदुर्ग, देवगडकडच्या माणसाला ही बोट नक्की उपयोगी आहे. पाच तासात गाडीसकट घराजवळ, पाठ शाबूत. खंडाळ्याला मात्र तिचा फरक जाणवणार नाही.

कारण खंबाटकीत वाहतूक अडते ती नुसत्या कारमुळं नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो आणि भरलेले ट्रक तिथं रांगत असतात. एक बंद पडला की मागं सगळं थांबतं. त्यावर उतारा म्हणजे तीन-तीन पदरी जुळे बोगदे आणि तिकडं मुंबई-गोवा महामार्ग खरोखर पूर्ण होणं.

रो-रोनं ट्रक उचलायचे तर तेही जमतं. कोकण रेल्वे 1999 पासून भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेते आहे. बोटीच्या घोषणेत मात्र भर होता कार आणि दुचाकींवर.