घरी ऑक्सिजनवरचा रुग्ण असेल तर जनरेटर घ्यावा का?

रुग्णाला घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायचे ठरले की नातेवाईकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, लाइट गेली तर? जनरेटर कितीचा घेऊ?" काळजी अगदी रास्त आहे. पण माझे मत विचाराल तर अशा घराने आधी इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी, मग ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि जनरेटर सगळ्यात शेवटी. तोही घराबाहेर मोकळी जागा असेल तरच. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पेट्रोलचा जनरेटर घेऊच नका.

आधी हिशेब करू. 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट वीज घेतो, 10 लिटरचा 600च्या आसपास. नेमका आकडा मशीनच्या मागच्या पट्टीवर असतो, तोच धरा. घरोघरी दिसणारी 150 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. प्रत्यक्षात 1200 ते 1300 हाती लागतात. म्हणजे 5 लिटरचे मशीन आणि एक पंखा मिळून तीनेक तास. बॅटरी दोन-तीन वर्षे जुनी असेल तर आणखी कमी. मशीनमधला कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर बरीच जास्त वीज ओढतो, म्हणून 350 वॅटला 400चा इन्व्हर्टर पुरेल असे समजू नका. 1000 व्हीएच्या आसपासचा घ्या. इन्व्हर्टर 'प्युअर साइन वेव्ह'चाच हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुरगुरते, तापते. त्या लाइनवर टीव्ही, मिक्सर, फ्रिज काही नको. बॅटरी रुग्णाच्या पलंगाखाली ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जागा हवेशीर लागते.

तीन तासांनंतर काय? तिथे सिलिंडर. 'बी' टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटर लागत असतील तर तो साडेबारा तास चालतो, 4 लागत असतील तर सव्वासहा. ना वीज लागते, ना पेट्रोल. मात्र फ्लोमीटर आधीच जोडून ठेवा आणि पाना सिलिंडरलाच दोरीने बांधा. रात्री दोन वाजता अंधारात पाना शोधत बसलेली घरे मी पाहिली आहेत. आणि हो, देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी यांपासून ऑक्सिजन लांब.

आता जनरेटरला माझा एवढा विरोध का? त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे ऑक्सिजनला जागाच उरत नाही. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते. आपल्याकडे अशा वेळी 'पित्त झाले' म्हणून माणूस आडवा होतो, आणि झोपेतच बेशुद्ध होतो. ज्याची फुप्फुसे किंवा हृदय आधीच थकलेले आहे, त्याला हा वायू कमी प्रमाणातही जड जातो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि ऑक्सिमीटर 98 दाखवत असतो. कॉन्सन्ट्रेटरचाही इथे भरवसा नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो आणि हा वायू गाळण्यासाठी तो बनवलेला नाही. जनरेटर चालू असताना घरात दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले तर आकडा बघत बसू नका. सगळे जण बाहेर मोकळ्या हवेत या आणि 108ला फोन करा.

"पण आम्ही गॅलरीत ठेवतो, खिडकी उघडी असते." तेवढ्याने भागत नाही. गॅलरी, जिन्याखालची जागा, शटर अर्धे ओढलेले दुकान, पार्किंगचा कोपरा, यांपैकी कुठेही धूर साचतो आणि घरात शिरतो. जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब, उघड्यावर, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला असा हवा. पाऊस आला म्हणून आत ओढायचा नाही.

काही घरांना मात्र तो खरोखर लागतो, हेही मान्य. जून 2020मध्ये निसर्ग वादळानंतर कोकणातली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. तिथे तीन तासांची बॅटरी काय करणार? वाडीतल्या घराला अंगण असते, तिथे लहान इन्व्हर्टर-जनरेटर ठेवावा आणि त्यावर बॅटरी चार्ज करून घ्यावी. मशीन दिवसभर थेट जनरेटरवर चालवण्यापेक्षा हे बरे. घराच्या वायरिंगला जोडायचा असेल तर वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. साध्या प्लगमधून उलटी वीज घातली तर ती बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्याचा जीव जातो.

एक गैरसमज जाता जाता. फक्त इन्सुलिनसाठी जनरेटर घेणारेही भेटतात. गरज नाही. बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो आणि वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत 25 ते 30 अंशांखाली चारेक आठवडे टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओल्या वाळूवर ठेवलेले मातीचे मडके उपयोगी पडते.

इन्व्हर्टर बसवला की एखाद्या दुपारी, घरात माणसे असताना आणि सिलिंडर शेजारी तयार ठेवून, मेन स्विच बंद करा. रुग्णाचे मशीन किती वेळ चालते ते घड्याळ लावून बघा. ती वेळ, सिलिंडरवाल्याचा नंबर आणि वीज तक्रारीचा 1912 एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. दर सहा महिन्यांनी वेळ पुन्हा मोजा. बॅटरी म्हातारी होत जाते तसा आकडा बदलतो.