डावीकडचा आकडा

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठासणीच्या रायफलींनी हरणाची शिकार करण्यासाठी वेगळे दिवस राखून ठेवलेले असतात. ओहायोत ते जानेवारीच्या सुरुवातीला येतात, कोलोरॅडोत सप्टेंबरात. हे दिवस जवळ आले की बंदुकांच्या दुकानांत दोन पंथांचे लोक हमखास भेटतात. पहिला म्हणतो, स्कोप घ्यायचा तर मोठाच घ्या: चार ते बारा पट, पुढची काच ५० मिलिमीटर, फुलीच्या खाली दोनशे, अडीचशे, तीनशे यार्डांच्या खुणा. दुसरा म्हणतो, ठासणीच्या रायफलीवर स्कोप लावणं हेच मुळात पाप. दोघेही छातीठोकपणे बोलतात आणि दोघेही चुकतात. पण दुसऱ्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पहिल्याच्या म्हणण्यात फक्त किंमत आहे.

मराठी वाचकाला ठासणीची बंदूक म्हटलं की कोकणातली शेतरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आठवेल. ती गुळगुळीत नळीची, छऱ्यांची. तिला दुर्बिणीचा प्रश्नच पडत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हौसेच्या शिकारीचा विषयच संपला. इथे बोलणं चाललंय ते नळीच्या आत पिळाच्या खाचा असलेल्या, एकच गोळी नेमकी टाकणाऱ्या रायफलीबद्दल.

पहिल्या पंथाचा पूर्वपक्ष असा: १९८५ मध्ये मिसुरीच्या टोनी नाइट यांनी एमके-८५ आणली आणि तेव्हापासून ही रायफल जुनी राहिली नाही. बाजूचा घोडा गेला, ठिणगी नळीच्या सरळ मागून मिळू लागली. तांब्याच्या टोपीच्या जागी शॉटगनचा २०९ प्रायमर आला, सुट्या दारूऐवजी तयार वड्या आल्या, गोळीला सॅबो नावाचं प्लास्टिकचं वेष्टण आलं. एवढं सगळं बदललं, मग दुर्बिणीनेच मागे का राहावं?

बदललं खरं, पण गोळीचा मार्ग किती बदलला ते पाहू. २५० ग्रेनची गोळी १०० ग्रेन दारूवर साधारण १६०० ते १७०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. शंभर यार्डांवर नेम जुळवला तर दीडशेवर ती सुमारे सहा इंच खाली लागते, दोनशेवर जवळजवळ दीड फूट. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा आठ-दहा इंचांची. दोनशेचा अंदाज वीस यार्डांनी चुकला तर आणखी सहा इंच गेले, म्हणजे पोट फुटलेलं हरीण झाडीत निघून जाणार. बारापट दुर्बीण हे सहा इंच भरून काढत नाही. ती फक्त हरीण जवळ दाखवून आपल्याला धीट करते. आणि त्या खुणा? त्या कारखान्याने ठरवलेल्या एका गोळीसाठी, एका वेगासाठी आखलेल्या असतात. बहुतेक स्कोपांत त्या एकाच विशिष्ट पटीवर खऱ्या ठरतात. पट बदलली की खुणांचा अर्थ बदलतो, आणि हरीण समोर आल्यावर कितव्या पटीवर आहोत हे कुणी वाचत बसत नाही.

सातपट दुर्बिणीतून दीडशे यार्डांवरचं हरीण एकवीस-बावीस यार्डांवर असल्यासारखं दिसतं. त्या अंतरावर नेम धरता येत नसेल तर दोष काचेत नाही.

आता ५० मिलिमीटरच्या काचेचा डौल. दुकानदार सांगतो, मोठी काच म्हणजे जास्त उजेड. अर्धंच खरं आहे हे. दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी म्हणजे काचेचा व्यास भागिले पट. ३२ च्या काचेला चारपटीवर ८ मिलिमीटरचा झोत मिळतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. म्हणजे सूर्योदयापूर्वीच्या किंवा सूर्यास्तानंतरच्या त्या अर्ध्या तासात, कायद्याने मुभा दिलेल्या शेवटच्या मिनिटांतसुद्धा, लहान काच पट कमी ठेवून डोळ्याला पुरेल त्याहून जास्त उजेड देते. उरलेला उजेड गालावर पडतो. मोठ्या काचेसाठी मात्र स्कोप बसवायच्या कड्या उंच घ्याव्या लागतात, दस्त्यावरून गाल उचलावा लागतो, आणि घाईच्या क्षणी डोळा काचेसमोर येतच नाही.

पण सर्वांत मोठी चूक होते ती डब्यावरचे आकडे वाचण्यात. ३-९×४० असं लिहिलेलं असलं की माणूस नऊ वाचतो. वाचायचा असतो तो तीन. जानेवारीतल्या रानात, पानं झडलेल्या ओकांच्या राईत, मचाणावरून हरीण दिसतं ते बहुधा तीस-चाळीस यार्डांवर, आणि तेही चालताना. नऊपट लावलेल्या स्कोपला शंभर यार्डांवर जेमतेम तेरा-चौदा फुटांची रुंदी दिसते, पंचवीस यार्डांवर साडेतीन फूट. चौकटीत नुसते तपकिरी केस भरतात. खांदा कुठला, मांडी कुठली, समजत नाही. नळी डावी-उजवीकडे फिरवून कान शोधेपर्यंत हरीण निघून गेलेलं असतं. दोनपटीवर त्याच अंतरावर दहा-बारा फूट दिसतात: अख्खं हरीण, त्याच्या पुढचं झाड, आणि त्या झाडापलीकडे ते पाऊल टाकणार ती जागा. म्हणून उजव्या आकड्यावर भांडण करण्याआधी डावीकडचा आकडा दोनच्या वर जाणार नाही एवढं पाहावं.

डोळा आणि काच यांच्यातलं अंतर हा मुद्दा विक्रेते शेवटी सांगतात; मी तो आधी विचारतो, कारण बंदुकीचा धक्का. नेहमीच्या तीस-शून्य-सहा काडतुसाच्या रायफलीत दारू साठ ग्रेनही नसते. दीडशे ग्रेनच्या ‘मॅग्नम’ मापाने ठासलेल्या रायफलीत गोळीबरोबर दारूचाही मोठा भार नळीतून पुढे फेकला जातो, आणि तेवढा जोर खांद्यावर मागे येतो. धक्का तीस-शून्य-सहापेक्षा जास्त. तीन इंचांवर डोळा ठेवायला लावणारा स्कोप अशा वेळी भुवईवर लालभडक चंद्रकोर उमटवून जातो. चढावर झोपून वर नेम धरला तर काच आणखी जवळ येते. चार इंच अंतर हवं, आणि ते कमीत कमी पटीवर नव्हे, जास्तीत जास्त पटीवर मोजलेलं. कारण पट वाढली की बऱ्याच स्कोपांत ते आकसतं.

भरण्याची गोष्ट तर कुणी काढतच नाही. मधोमध मोडणाऱ्या रायफलीत प्रायमर बोटांनी बसवायचा असतो. लोकरीचे हातमोजे काढलेले, बोटं बधिर, वर स्कोपचा जाड मागचा भाग लटकतोय आणि त्याखाली दोन बोटं घालून तो इवलासा पितळी तुकडा भोकात ढकलायचा. पडला की पाचोळ्यात गेला. आखूड, सडपातळ स्कोप इथे आपली किंमत वसूल करतो.

आता दुसरा पंथ. त्यांचं म्हणणं, वेगळा हंगाम जुन्या हत्यारांसाठी दिला गेला, त्यात दुर्बीण घुसवणं ही परंपरेशी बेइमानी. परंपरेचा हा दाखला खोटा आहे. विल्यम माल्कम यांनी सिराक्यूजमध्ये १८५५ पासून रायफलींच्या दुर्बिणी बनवल्या, आणि त्या काळात रायफल म्हणजे बहुतांशी ठासणीचीच. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर डेव्हिडसनची दुर्बीण बाजूला बसवलेली होती. उत्तरेकडच्या बर्डनच्या नेमबाजांच्या पलटणीत काही जण दुर्बिणीच्या आपल्या जड रायफली घरूनच घेऊन आले होते. शिवाय प्लास्टिकचं सॅबो आणि शॉटगनचा प्रायमर चालवून घेणाऱ्याने काचेपाशीच सोवळं का पाळावं?

यांचा खरा युक्तिवाद वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. स्कोपमुळे यश वाढलं, यश वाढलं की परवाने कमी करावे लागतात, आणि राखीव हंगाम देण्यामागचा हेतूच सुटतो. युटाने २०१६ मध्ये मोठ्या पटीच्या स्कोपांना दार उघडलं आणि २०२४ पासून ठासणीच्या खास हंगामात ते पुन्हा बंद केलं. ओरेगन आणि आयडाहोतही त्या हंगामात स्कोपला मज्जाव आहे. कोलोरॅडो सर्वांत सुसंगत: तिथे स्कोप नाही, सॅबो नाही, वड्याही नाहीत. अशा राज्यात वाद घालण्यात अर्थ नाही. तसंच बाजूचा घोडा आणि निपलवर टोपी असलेल्या हॉकन घाटाच्या रायफलीवर आधुनिक स्कोप मीही लावणार नाही. टोपीचा भडका बाहेर उडतो आणि त्यातले ओल ओढणारे क्षार काचेवर, कड्यांवर जाऊन बसतात.

पण जिथे मुभा आहे तिथे स्कोप नाकारण्याची किंमत हरीण मोजतं. उघड्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर डोळ्याला एकदम लक्ष द्यावं लागतं. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला ते जमत नाही; खाच धूसर होते नाहीतर हरीण. स्कोप फुली आणि हरीण एकाच प्रतलात आणतो. माझ्या लेखी स्कोपचं काम एवढंच, आणि त्याला दोनपट पुरते.

माझी निवड सरळ आहे: २-७×३२, साधी जाड-बारीक फुली, चार इंचांचं अंतर, बुटक्या पोलादी कड्या. ‘मझललोडर स्कोप’ असं छापलेल्या डब्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. त्यात बहुधा एवढाच फरक असतो की काच शंभरऐवजी पन्नास किंवा पंचाहत्तर यार्डांवर जुळवलेली असते. लक्ष्य त्या जुळवलेल्या अंतरावर नसेल आणि डोळा तिरका असेल तर फुली सरकते. पण शंभरवर जुळवलेल्या ३२ मिलिमीटरच्या काचेत पन्नास यार्डांवर ही चूक फार तर आठ मिलिमीटरची. हरणाला ती कळत नाही.

‘स्कोप हलला’ ही तक्रार मात्र ऐकून सोडून द्यावी. बहुतेक वेळा हललेली असते ती नळीची अवस्था. काळ्या दारूची काजळी दर बाराला साचते आणि दुसरी गोळी पहिलीच्या जागी जात नाही. नेम जुळवताना प्रत्येक बारानंतर ओला बोळा, मग कोरडा बोळा फिरवावा, नळी थंड होऊ द्यावी, आणि मगच पुढचा बार ठासावा. तीन गोळ्यांना तासभर लागतो, लागू द्यावा. रानात स्वच्छ, थंड नळीतून जाणारी पहिलीच गोळी उपयोगाची; धूर विरेपर्यंत दुसरी भरायला हरीण थांबत नाही.